चार नंबरचा रॅक

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

माझा फोन का लागत नाही, असं तू दाजींना तीनदा विचारलंस म्हणे. फोनच नाही तर लागेल कुठून! परवा बाबांशी बोलता बोलता तो भिंतीवर आपटला. भिंतीला काही झालं नाही. बाबांचं शेवटचं वाक्य होतं, ‘पोरीपायी कॉलेज सोडलंस.’ साफ खोटं. कॉलेज सोडलं ते मास्तर दर आठवड्याला माझ्या वहीवर ‘अक्षर सुधारा’ असं लाल शाईनं लिहायचे म्हणून. ती, म्हणजे आमची भिंगवाली, माझ्या दोन वर्षं पुढे होती, पदवी घेऊन या मशरूमच्या कंपनीत तपासणीला लागली आणि मलाही नेमकं इथंच पॅकिंगमध्ये काम मिळालं, हा निव्वळ योगायोग. तू हसतेयस, मला इथं ऐकू येतंय.

काम बरं आहे. दिवसभर दोन अंशांवरच्या कोल्ड रूममध्ये असतो. अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड कोट, डोक्यावर टोपी, आणि पंख्यांचा आवाज इतका की शेजारच्याला ‘सरक’ म्हणायचं तरी बोंब मारावी लागते. थोडक्यात, जगात माझ्यासाठीच बांधलेली जागा. फोन आत न्यायला बंदी आहे, तो लॉकरमध्ये ठेवायचा. ती अडचण मी आधीच सोडवलेली.

डबीत मशरूम भरायचे, वर प्लास्टिक ओढायचं आणि मशीननं त्याला बारीक भोकं पाडायची. सगळे विचारतात, भोकं कशाला? मी सांगतो, ‘मशरूम तोडल्यावरही श्वास घेतं. डबी घट्ट बंद केली तर आतली हवा संपते, आणि बिनहवेचे जंतू माजतात. त्यांचं विष माणसाला आडवं करतं.’ हा धडा झाला होता ना माझा कॉलेजात! इथं मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. चिडवायलाच म्हणतात, पण म्हणतात.

पद्धतही मजेशीर आहे. तपासणीवाले जागोजागी कापसाचा बोळा फिरवतात आणि बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवतात. काही वाईट सापडलं तर लाल चिठ्ठी लोडिंगच्या काकांकडे जाते आणि माल थांबतो. चिठ्ठी आली नाही तर माल जातो. ‘जाऊ द्या’ असं कोणी लिहून देत नाही, कारण मशरूमला थांबायला सवड नाही, दहा दिवसांत म्हातारं होतं.

आमची गाडी तुमच्या गावापर्यंत येते. ड्रायव्हरच्या हाती एक पेटी पाठवतोय. चार नंबरच्या रॅकमधली आहे, अगदी पंख्याखालची. तिथं सगळ्यात गार. गारव्यात जंतू मरतात, म्हणून तुझ्यासाठी खास तिथलीच निवडली. भाचरू काय म्हणतंय?

तुझा,
तडतड्या

ता. ९ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,

फोन फोडलास ते एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, मग दाजी दार लावून घेतात. कागदावर ओरडायला निदान वेळ लागतो, तोवर माणूस थंड होतो. आता पत्रंच लिही. अक्षर मात्र सुधार. मास्तरांचं काही चुकत नव्हतं.

पेटी मिळाली. खरं सांगू का? सातवा महिना लागेल आता, आणि सात वर्षं वाट बघून मिळालेलं हे सुख मी उशीला टेकून काढतेय. डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. पोटात काही टिकत नाही. पोळीचा वास आला की ओकारी, दूध बघितलं की ओकारी. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं.’ तुझे मशरूम शिजवायला घेतले, तर तोही वास नको झाला. मग कच्चेच चिरले, मीठ-लिंबू लावलं आणि खाल्ले. गार, कुरकुरीत. एक डबी संपली तरी पोटात राहिले! भाचरानं त्यानंतर अशी काही लाथ मारली की मी दाजींना हाक मारली. तुझ्यावर गेलंय, दुसरं काय.

आणखी पाठव.

पण एक विचारते. गारव्यात जंतू मरतात हे नक्की का? आमच्या फ्रिजमध्ये परवा वाटीतल्या डाळीवर बुरशी आली होती. ती काही मेलेली दिसली नाही. तू कॉलेज सोडलंस तेव्हा कितवा धडा चालू होता, प्रोफेसर?

आणि तुझ्या त्या भिंगवालीबद्दल. तिला एकदा सरळ विचारून टाक. नाही म्हणाली तर नाही. तू मनातल्या मनात खटला भरतोस, साक्षी काढतोस आणि निकालही देतोस. तिला बिचारीला पत्ताच नसतो की आपल्यावर केस चालू आहे.

तुझी,
ताई

ता. २१ फेब्रुवारी

ताई,

निकाल लागला. विचारायची गरजच उरली नाही.

नीट ऐक. गेले पंधरा दिवस भिंगवाली रोज लोडिंगच्या काकांकडे जाते. काकांचा मुलगा आमची एक गाडी चालवतो. उंच आहे, केस कपाळावर पाडतो, आणि हसला की सगळे दात दाखवतो. तिला स्कूटर शिकवतो तो, गेटाबाहेरच्या रस्त्यावर. मी पाहिलंय. परवा पॅकिंगमधली एक मावशी म्हणालीच, ‘काकांना सूनबाई चांगली मिळणार बघ.’ सगळ्या हसल्या. मी क्रेट इतक्या जोरात ठेवला की तळ फुटला.

आणि काल संध्याकाळी कडेलोट झाला. तिच्या आईचं ऑपरेशन ठरलंय, ती गावाला निघाली होती. बॅग खांद्याला, बस धरायची घाई. मला लॉकरपाशी गाठलं आणि हातात पांढरं पाकीट ठेवलं. वर काकांचं नाव, चारी बाजूंनी डिंक लावलेला. म्हणते, ‘उद्या सकाळी गाडी लागायच्या आत काकांच्या हातात दे. दुसऱ्या कोणाकडे नको. विसरणार नाहीस ना?’ मी विचारलं, ‘एवढं काय आहे त्यात?’ तर म्हणते, ‘ते काकांना कळेल.’ आणि गेली! आईच्या दवाखान्यात घरचे सगळे जमणार, तिथं बोलणी व्हायची असणार. म्हणजे होकार. आणि तो पोचवायचा कोणी? मी! माझ्याच हातून माझी तेरवी!

नाही दिलं मी. आज सकाळी साडेसहाला गाडी लागली तेव्हा काका दारातच उभे होते. खिशात ते पाकीट आणि हातात तुझी पेटी. पेटी ड्रायव्हरला दिली, पाकीट दिलं नाही. आता ते माझ्या लॉकरमध्ये चपलेखाली आहे. राहू दे. होईल चार दिवस उशीर. होकार काही नासत नाही.

तुझी पेटी मात्र पहिल्यापेक्षा मोठी आहे, आठ डब्या. पुन्हा चार नंबरच, पंख्याखालच्या. इतक्या गार की डब्यांवर दंव साचलं होतं, थेंब थेंब. मी कोटाच्या बाहीनं पुसून दिल्या.

धडा कितवा ते आठवत नाही. डाळीचं सोड, डाळ वेगळी.

तडतड्या

ता. २६ फेब्रुवारी

तडतड्या,

तुला समोर उभा करून कानाखाली जाळ काढावा असं वाटतंय, पण मला उठायची बंदी आहे. तुझं नशीब.

दुसऱ्याचं पाकीट अडवतोस? कोणी शिकवलं हे? होकार असो की नकार, तिनं तुझ्या हातात दिलं म्हणजे तुझ्यावर भरवसा ठेवला. लग्न ठरवायला कोणी बापाच्या वयाच्या माणसाला सकाळी साडेसहाच्या आत चिठ्ठी पाठवतं का रे? डोकं वापर जरा. पत्र वाचल्याबरोबर आधी ते पाकीट दे, मग बाकीची कामं. आणि काकांना म्हण, माझी चूक झाली. जीभ झडत नाही.

पेटी पोचली. मी रोज दुपारी एक डबी संपवते. सासूबाईंना कळू देत नाही. त्यांच्या मते मशरूम म्हणजे उकिरड्यावर उगवतं ते. दाजींनी एक तोंडात टाकून बघितलं, म्हणाले, ‘खोडरबर आहे नुसतं.’ बरंच झालं, वाटेकरी नाही.

पाकीट दे. मला उलटटपाली कळव, दिलं म्हणून.

ताई

ता. ९ मार्च

प्रिय ताई,

तुझी तब्येत कशी आहे? दाजी कसे आहेत? सासूबाईंना माझा नमस्कार सांग. इकडे सर्व ठीक आहे.

भिंगवालीनं नोकरी सोडली. म्हणजे तिला सोडायला सांगितलं. कामात काहीतरी हयगय झाली असं साहेब म्हणतात. मला फारसं माहीत नाही.

एक सांगायचं होतं. त्या पेटीतल्या डब्या उरल्या असतील तर टाकून दे. शिळ्या झाल्या असतील. आणि एकच गोष्ट सारखी खाऊन कंटाळाही येतो. डॉक्टरांकडे जाणार असशील तर सहज म्हणून सगळं तपासून घे, या दिवसांत तपासलेलं बरं असतं. पुढची पेटी पाठवत नाही. मालाचा दर्जा हल्ली तितकासा राहिलेला नाही.

काळजी घे.

तुझा भाऊ

ता. १५ मार्च

चि. तडतड्यास,

‘तुझा भाऊ’? ‘सासूबाईंना माझा नमस्कार सांग’? अरे, तू बरा आहेस ना? तुझ्या पत्रात एक शिवी नाही, एक उद्गारचिन्ह नाही, काकांच्या मुलाचे दात नाहीत. मी दोनदा अक्षर तपासलं, तुझंच आहे. काय लपवतोयस? पाकीट दिलंस की नाही, त्याबद्दलही एक अक्षर नाही. आणि त्या पोरीची नोकरी गेली आणि ‘मला फारसं माहीत नाही’? ज्या पोरीनं आज कुठल्या रंगाची ओढणी घेतली हे तुला माहीत असतं?

डब्या केव्हाच संपल्या. टाकून कशा देईन? तू बाहीनं पुसून दिलेल्या. शेवटची तर मी पुरवून पुरवून खाल्ली.

परवापासून जरा कणकण आहे. अंग मोडून आलंय, पाठ दुखते. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले हवा बदलतेय, सगळ्यांनाच आहे. गोळी दिलीय. भाचरू कालपासून शांत आहे. बहुतेक मामासारखं तेही सभ्य झालंय.

खरं काय ते लिही.

ताई

ता. २४ मार्च

तुला,

मी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. ती लिहू शकत नाही म्हणून लिहितोय.

एकोणीस तारखेला ताप चढला. वीसला दवाखान्यात नेलं. एकवीसला सगळं संपलं. मुलगी होती.

ती वाचली, पण अजून सलाईनवर आहे. रक्तात कसले तरी जंतू निघाले, ते खाण्यातून येतात असं डॉक्टर म्हणाले. महिना-दोन महिन्यांत काय काय खाल्लं ते सारखं विचारतात. आम्ही सगळं सांगितलं. दूध, पनीर, बाहेरची कापलेली फळं. माझ्या आईला वाटतंय आपल्या हातून काहीतरी शिळं वाढलं गेलं, ती दोन दिवस जेवलेली नाही.

लगेच येऊ नकोस. तुला बघून ती रडेल, आणि डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलंय. असं सांगून कोणी रडायचं थांबतं का, मला माहीत नाही.

दाजी

ता. २ एप्रिल

तडतड्या,

घरी आले. उठायची बंदी आता नाही. कुठंही फिरता येतं.

मी तिला पाहिलं. दाजी नको म्हणत होते. कपाळ आपल्या आईसारखं होतं.

डॉक्टर भले आहेत. रोज वही घेऊन बसायचे, ‘आठवा, आणखी काय?’ मी सगळं सांगितलं. एकच नाव घेतलं नाही, दाजींनाही घेऊ दिलं नाही. त्यांनी वाटेल ते लिहून घेतलं असतं, आणि मग सासूबाईंनी जन्मभर तुला बोल लावला असता. तू स्वतः निवडून, सगळ्यात गार जागेतले काढून दिलेस, त्यात काय असणार? आणि मला त्या महिन्यात दुसरं काही गोड लागलं नाही रे. तेवढ्या एकाच गोष्टीला कोणी चिखल लावू नये असं वाटलं.

सासूबाई गप्प झाल्यात. त्यांचं टोचून बोलणं परत यावं असं वाटतं.

तू तीन आठवडे काही लिहिलं नाहीस. रागावले नाही मी. तुला सुचत नसेल. पण लिही. काहीतरी खोडसाळ लिही. काकांच्या मुलाचे दात तरी लिही.

ताई

ता. ५ एप्रिल

ताई,

त्या डॉक्टरांना माझं नाव सांग. मशरूमचं सांग, कंपनीचं सांग. मग पुढचं वाच.

ते पाकीट मी दिलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशीही दिलं नाही, म्हटलं आता आठवडा झाला, आता काय तोंड दाखवू. भिंगवाली परत आली, तिनं विचारलं, ‘दिलंस?’ मी म्हटलं, ‘दिलं.’ ती हसली आणि म्हणाली, ‘थँक यू, प्रोफेसर.’ दुसऱ्या दिवशी चार नंबरचा माल गेल्याचं तिला कळलं आणि साहेबांनी तिला बोलावलं. दार बंद होतं, तरी तिचा आवाज बाहेर आला. ती ओरडत होती, ताई. ती कधी ओरडत नाही. ‘मी लेखी दिलंय, मी लेखी दिलंय.’ साहेब म्हणाले, ‘काकांकडे काही आलेलं नाही. कुठाय कागद?’ साहेबांना तिनं गावाला निघायच्या आधी फोनही केला होता. तेव्हा म्हणाले होते, तोंडी चालणार नाही, लेखी दे. आणि आता म्हणाले, चिठ्ठी नाही म्हणजे माल नियमानं गेला, हयगय तुझी.

तेव्हा मी लॉकरपाशी जाऊन पाकीट फोडलं. लाल चिठ्ठ्यांचं पुस्तक साहेबांच्या कपाटात कुलुपात असतं, म्हणून साध्या कागदावर लिहिलं होतं. जसंच्या तसं उतरवतो:

‘काका, चार नंबरच्या रॅकमधला सगळा माल थांबवा. पंख्याखाली पाणी साचतं त्या पत्र्यात लिस्टेरिया सापडला आहे. आत्ताच निकाल आला. ते पाणी डब्यांवर ठिबकतं आणि प्लास्टिकच्या भोकांतून आत जातं. हा जंतू थंडीत मरत नाही, वाढतो. म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायकांना फार वाईट. मी येईपर्यंत एक डबीही बाहेर जाऊ देऊ नका. मिळाल्याची सही या मुलाकडे द्या. त्याला आत काय आहे ते सांगितलेलं नाही, सांगितलं तर तो अख्ख्या पॅकिंगला ओरडून सांगेल आणि बायका घाबरतील. डोकं गरम आहे, पण कामाला चोख आहे.’

माझ्याबद्दल तिनं आयुष्यात लिहिलेली एवढीच ओळ.

मी कॉलेज सोडलं तेव्हा बिनहवेच्या जंतूंचा धडा चालू होता. थंडीत वाढणाऱ्यांचा त्याच्या पुढचाच. तू विचारलं होतंस.

तापाचं तुझं पत्र आलं तेव्हा मला सगळं कळत होतं. मी बस स्टँडवर गेलो. तिकीट काढलं. बस लागली, लोक चढले, बस गेली. मी बाकावरच. तुझ्यासमोर उभा राहून काय म्हणणार होतो? वाटलं, साधाच ताप असेल. सगळ्यांनाच आहे, असं डॉक्टर म्हणालेत ना. मी त्या डॉक्टरांच्या एका वाक्याला धरून सहा दिवस काढले.

ती दोष घेऊन गेली. मी गप्प बसलो. पाकीट अजून चपलेखालीच आहे. चार नंबरचा रॅक पुन्हा भरलाय. साहेबांनी पंख्याचा पत्रा एकदा फडक्यानं पुसून घेतला, तेवढंच. अजून ठिबकतो.

माफी मागायची माझी लायकी नाही.

तडतड्या

ता. १२ एप्रिल

तडतड्या,

तुझं पत्र मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं आणि मधेच खोलीबाहेर गेले. वॉर्डात एक बाई होती, सहावा महिना, दोन दिवस ताप. तिला विचारलं. तिच्या नवऱ्यानं घरून डबी आणून दाखवली, अर्धी संपलेली. त्यावर तुमच्या कंपनीचं नाव आणि तारीख एप्रिलची. डॉक्टरांनी तेव्हाच्या तेव्हा औषध बदललं. काल मी तिला बघून आले. ताप उतरलाय. पोटातलं हलतंय, मला हात लावून बघ म्हणाली. मी नाही लावला.

डॉक्टरांनी वर कळवलंय. पण चौकशीची माणसं यायला दिवस लागतील, आणि तुमची गाडी रोज सकाळी साडेसहाला सुटते.

आता माझं ऐक.

पाकीट अडवलंस तेव्हा तुला आत काय आहे ते माहीत नव्हतं. त्याचं मी काहीतरी करून गिळलं असतं. तू मूर्ख आहेस हे मला तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून माहीत आहे. पण नऊ मार्चला तुला माहीत होतं. आणि तू मला काय लिहिलंस? ‘एकच गोष्ट सारखी खाऊन कंटाळा येतो.’ ते पत्र मी काल पुन्हा काढलं. त्यात ‘सहज’ असा शब्द आहे. सहज म्हणून सगळं तपासून घे.

पंधरा मार्चला मी जिवंत मुलीची आई होते. औषध त्याच दिवशी मिळालं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी वही मिटली. दाजींचा नंबर तुला पाठ आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आहे. एक फोन, तडतड्या. ओरडला असतास तरी चाललं असतं.

जन्मभर नको तिथं ओरडलास. मास्तरांवर, बाबांवर, भिंतीवर. आणि एकदाच ओरडायला हवं होतं, तेव्हा सभ्य झालास.

मला माफीबिफी लिहू नकोस. पाकीट ज्याचं आहे त्याला दे. त्या पोरीच्या नावावरचा डाग पूस. आणि त्या रॅकपुढून तू रोज जातोस, रोज डब्या भरतोस, कोणाच्या तरी ताईसाठी. ते आधी थांबव. मग काय ते होऊ दे तुझं.

सासूबाईंना मी सांगितलं, तुमच्या हातून काही झालेलं नाही. कोणाच्या हातून झालं ते सांगितलं नाही. ते तू येऊन सांगायचंस, माझ्यासमोर, त्यांच्या पायाशी बसून. मी बोलावीन तेव्हा. तोवर येऊ नकोस.

मी

ता. १७ एप्रिल

ताई,

पाकीट दिलं.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज सकाळी सहाला गेलो. गाडी लागत होती. काका दारात उभे होते. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘हे वीस फेब्रुवारीचं आहे.’ त्यांनी चष्मा लावून वाचलं. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. ‘का रे?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, मला वाटलं तुमच्या मुलाशी तिचं ठरलंय.

काका म्हणाले, ‘माझ्या मुलाशी? बाबा, त्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली. बायकोला घेऊन जायचा तो स्कूटर शिकवायला. दोघी एकाच स्कूटरवर शिकायच्या. पॅकिंगमधल्या बायका तुला चिडवायच्या रे.’

मी तिला काही विचारलं नव्हतं, ताई. तू सांगितलं होतंस.

काकांनी दोन माणसांना हात केला, पण चार नंबरचे क्रेट तोपर्यंत गाडीत चढत होते, आणि पंख्यांच्या आवाजात कोणाला कोणाचं कळत नव्हतं. मग मी कागद त्यांच्या हातून घेतला आणि रॅकपुढच्या पालथ्या क्रेटवर चढून वाचला. पहिल्या शब्दापासून. ‘गरोदर बायकांना फार वाईट’ इथं आलो तेव्हा पॅकिंगचा पट्टा थांबला होता. साहेब कॅबिनमधून धावत आले, खाली उतर, खाली उतर. मी शेवटपर्यंत वाचलं. डोकं गरम आहे पण कामाला चोख आहे, हेही वाचलं. ते खोटं आहे हेही सांगितलं. तुझ्या मुलीचं सांगितलं. पॅकिंगमधली ती मावशी, सूनबाई म्हणाली होती ती, हातातली डबी तशीच खाली ठेवून बाहेर गेली. मग बाकीच्या गेल्या. भरायला कोणी उरलं नाही, तेव्हा गाडी रिकामी करावी लागली. पंखा बंद केला. चार नंबरचा रॅक आता मोकळा आहे.

मला काढलंय. ते ठीकच. चौकशीवाले येतील तेव्हा मी गेटाबाहेर असेन.

भिंगवालीच्या पत्त्यावर कागद पाठवला. मिळाल्याची सही तिनं मागितली होती, काकांनी केली, खाली आजची तारीख घातली. छप्पन्न दिवस उशिराची. सोबत मी काही लिहिलं नाही.

पंखा बंद झाल्यावर कोल्ड रूममध्ये इतकं शांत असतं हे मला माहीत नव्हतं. पत्र्यातून शेवटचं पाणी ठिबकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

तू बोलावशील तेव्हा येईन.